आई अंथरुणाला खिळेपर्यंत थांबू नका

प्रति,
मा. महिला व बालविकास मंत्री,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य.

विषय : बालसंगोपन रजा वडिलांनाही समान मिळावी आणि आईच्या मानसिक आरोग्याची दखल घेतली जावी याबाबत.

महोदय, महोदया,

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. नोकरीला सोळा वर्षं झाली. माझे पतीही जिल्हा परिषदेचेच शिक्षक. आमच्या शाळा वेगळ्या, पण शाळेची वेळ एकच, पगार जवळपास सारखा आणि निवडणुकीची ड्यूटी दोघांनाही लागते. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चार वर्षांची. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही राहतो, सासूबाई सोबत असतात.

गेल्या जूनमध्ये शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. पहाटे पाचची वेळ. मी दुधाच्या पातेल्यासमोर उभी होते. दूध वर आलं, उतू गेलं, शेगडी विझली, गॅसचा वास सुटला, तरी मी तशीच उभी. सगळं दिसत होतं, पण हात उचलत नव्हता. सासूबाई धावत आल्या, त्यांनी बटण बंद केलं, खिडकी उघडली आणि मला हाताला धरून खाली बसवलं. त्याआधी तीन-चार महिने माझी झोप उडालेली होती. रात्री दोनला जाग यायची आणि डोक्यात उद्याची यादी सुरू व्हायची. वर्गात लेकरांवर ओरडायचे आणि मग खडू आणायच्या निमित्ताने बाहेर जाऊन रडायचे. कोणाला सांगितलं की उत्तर ठरलेलं : थकवा असेल, रक्त कमी असेल, बीट-गूळ-शेंगदाणे खात जा.

त्या दिवशी पतीने मला सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नैराश्य असं निदान केलं. गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, निदान दोन महिने रात्री सात तास सलग झोप झाली पाहिजे. मी विचारलं, "डॉक्टर, ही गोळी रात्री दहाच्या आत घेता येत नाही, तोवर भांडी आवरत नाहीत. आणि उठायचं साडेचारला. मग सात तास कुठून आणू?" त्यांनी माझ्याकडे नाही, पतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "सर, औषध मी दिलं. वेळ तुम्हाला द्यावा लागेल."

माझे पती तयार होते. हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण पुढे जे झालं त्याचं खापर माझ्या घरच्यांवर फुटू नये. त्यांनी बालसंगोपन रजेचा अर्ज लिहिला. एक महिना घर आणि मुलं मी बघतो, ही झोपेल, एवढं साधं ते मागणं होतं.

तालुक्याच्या कार्यालयातल्या बाबूंनी अर्ज वाचला आणि विचारलं, "सर, मॅडम हयात आहेत ना?"

"आहेत."

"मग अंथरुणाला खिळल्यात का? तसं प्रमाणपत्र आहे?"

"नाही. आजारी आहे, पण चालते-फिरते."

"मग तुम्हाला बसत नाही, सर. मॅडमलाच टाकायला सांगा ना. त्यांची रजा शिल्लक असेल."

बाबूंची काही चूक नाही. नियमात जे आहे ते त्यांनी वाचून दाखवलं. 2018 साली राज्य शासनाने बालसंगोपन रजा लागू केली. मूल 18 वर्षांचं होईपर्यंत एकूण 180 दिवस, भरपगारी. त्याबद्दल शासनाचे आभार मानलेच पाहिजेत, माझ्या किती मैत्रिणींच्या मुलांची दहावी-बारावी त्या रजेवर निघाली. पण ही रजा महिला कर्मचाऱ्यांना आहे. पुरुषाला ती केव्हा मिळते? पत्नी नसेल तेव्हा, किंवा पत्नी असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तेव्हा.

आमच्या घरापुरता याचा अर्थ काय होतो ते बघा. आजारी मी आहे. झोप मला हवी आहे. पण मूल सांभाळायची रजा मीच घ्यायची, म्हणजे ते 30 दिवस मी घरी राहून मूलच सांभाळायचं, स्वयंपाक करायचा, पाणी भरायचं. आणि धडधाकट बापाने शाळेत जायचं, कारण त्याची बायको अजून जिवंत आहे आणि पायावर उभी आहे. नियम लिहिणाऱ्याच्या मनात हे नसेल, मला मान्य आहे. पण कागदावर मात्र ते असंच उतरलं आहे की मूल आईचं, आणि बापाचा नंबर आईनंतर.

शेवटी माझ्या पतीने वीस दिवस अर्धपगारी रजा घेतली. त्या वीस दिवसांत आमच्या घरात जे झालं ते मी इथे लिहिते. मंत्रालयात बसून ते दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर एका घरात पंधरा वर्षं राहूनही ते माझ्या नवऱ्याला दिसलं नव्हतं.

पहिले दोन दिवस ते दर दहा मिनिटांनी मला उठवायचे. चहापत्ती कुठल्या डब्यात आहे, डाळीला किती शिट्ट्या, छोटीचे मोजे कुठं. तिसऱ्या दिवशी मी मुलाची एक कोरी वही घेतली आणि जे जे माझ्या डोक्यात असतं ते लिहून काढलं. नळाला पाणी आठव्या दिवशी येतं, रात्री एक ते चारमध्ये कधीही, त्याआधी खालची टाकी रिकामी करून घासायची. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्यांचं पान दहा दिवसांत संपतं, आठव्या दिवशी आणायचं, कारण रविवारी मेडिकल बंद. शनिवारी पांढरे बूट, ते शुक्रवारी धुवायचे, पावसाळ्यात गुरुवारी. छोटी गवार खाते पण चिरलेली, मोडलेली नाही. दूधवाल्याचे खाडे. गॅसचा नंबर. नणंदेच्या मुलीचं बारसं, आहेराचं लुगडं. तुरीच्या डाळीला ऊन. पाच वर्षं झाली की छोटीचं डीपीटीचं इंजेक्शन. लिहिता लिहिता सात पानं भरली आणि तरी रोज एखादं काहीतरी राहिलेलं निघायचं.

भांडी, भाकरी, धुणं त्यांना आठवड्यात जमलं. भाकरी जाड व्हायची, मुलांनी कुरकुर केली आणि खाल्ली. पण बाराव्या-तेराव्या दिवशी रात्री ते माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "अगं, काम होतं. हात दुखले तरी आडवं पडलं की बरं वाटतं. पण हे लक्षात ठेवायचं थांबतच नाही. तू वर्गात शिकवताना पण हे डोक्यात असायचं?" मी हो म्हणाले. ते बराच वेळ ती वही हातात घेऊन बसून राहिले.

मी त्या वीस दिवसांत झोपले. आधी चार तास, मग पाच, मग पुरते सात. औषधाने काम केलं, पण औषधाला काम करायला जागा माझ्या नवऱ्याने करून दिली. शासनाने दिली असती तर त्यांचा निम्मा पगार गेला नसता.

एका घरावरून बोलते असं कोणी म्हणू नये म्हणून केंद्र सरकारचीच आकडेवारी सांगते. 2024 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला 289 मिनिटं देतात आणि पुरुष 88 मिनिटं. त्यातही ही 88 मिनिटं जे पुरुष घरकाम करतात त्यांचीच सरासरी आहे. 2019 च्या पाहणीत असे पुरुष शंभरात 26 होते आणि बायका 81. म्हणजे बहुतेक पुरुषांच्या दिवसात घरकामाला एक मिनिटही नव्हतं. आणि या मोजणीत आमची ती सात पानं येत नाहीत. भाजी चिरताना डोक्यात टाकीचं पाणी चाललेलं असतं, ते कुठल्या रकान्यात लिहिणार?

घरातल्या परिस्थितीने बाईच्या मनाचं काय होतं, हे आपल्याकडे कोणी मोजलंच नाही असंही नाही. शेजारच्या गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतिणींची पाहणी केली होती, ती 2002 साली प्रसिद्ध झाली. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी शंभरातल्या 23 आयांना नैराश्य आढळलं. गरिबी, नवऱ्याची मारहाण, मुलगी झाली म्हणून नाराजी, ही कारणं त्यात पुढे आली. म्हणजे दुखणं बाईच्या मनात असलं तरी त्याची मुळं घरात होती.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2021 च्या अहवालातला एक आकडाही मला इथे लिहावाच लागेल. त्या वर्षी देशात 45,026 स्त्रियांनी आत्महत्या केल्या, त्यांपैकी 23,178 गृहिणी होत्या. प्रत्येकीची कहाणी वेगळी असणार, सगळ्याजणी कामाच्या ओझ्याने गेल्या असं मी अजिबात म्हणत नाही. पण निम्म्याहून जास्त बायका ज्या एका रकान्यात येतात, त्या रकान्यातल्या बाईला कोणी सुट्टी देत नाही, कोणी विचारत नाही की तू झोपलीस का, एवढं तरी आपण मान्य करू. हे वाचणाऱ्या कुणा बाईच्या मनात तसं काही येत असेल तर बाई गं, 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतसेवेचा नंबर रात्रंदिवस चालू असतो, पैसे लागत नाहीत. मी लावला आहे. पलीकडचं माणूस मराठीत बोललं.

आता आरोग्य मंत्र्यांसाठी. माझी मुलगी दवाखान्यात जन्मली. घरी आल्यावर आशाताई ठरल्या दिवशी यायच्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या. ही घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने उभी केली आणि साऱ्या देशाने उचलली. मला तिचा अभिमान आहे. आशाताई हात धुऊन झोळीच्या काट्यावर बाळाचं वजन करायच्या, श्वास मोजायच्या, नाळ बघायच्या. मला ताप आहे का, अंगावरून जास्त जातं का, दूध येतं का, हे विचारायच्या. एकविसाव्या दिवशी त्या आल्या तेव्हा मी रडत होते. त्यांनी काटा बाजूला ठेवला, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मॅडम, हे लिहायला मला कुठं सांगितलेलं नाही. पण तुम्ही झोपत जा." बाळाचे बाबा त्या वेळी बाहेरच्या खोलीत होते. त्यांना आत बोलावण्याची पद्धतच नाही. आज मला वाटतं, त्या दिवशी त्यांना आत बोलावलं असतं आणि विचारलं असतं की रात्री बाळाला तुम्ही किती वेळ घेता, तर चार वर्षांनंतरची ती दुधाच्या पातेल्याची पहाट कदाचित आलीच नसती.

शिक्षण विभागाबद्दल मला संकोच वाटतो, कारण तिथे मी स्वतः भागीदार आहे. पहिलीत येणाऱ्या मुलांच्या तयारीसाठी आम्ही गल्लोगल्ली माता पालक गट केले. मुलाचा अभ्यास घरी कोणी घ्यायचा? मातेने. मेळाव्याला कोणी यायचं? मातेने. दुपारी बाराला रोजगार बुडवून आलेल्या बायकांना मी कागद वाटले आणि सांगितलं, रोज अर्धा तास मुलाजवळ बसा. एक आई सहज म्हणाली, "बसते की मॅडम, पण कुठला अर्धा तास ते सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती पहाटे तीनला उठते. दिवाळीनंतर नवऱ्यासोबत ऊसतोडीला साखर कारखान्यावर जाते. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, मोळ्या दोघं बांधतात, पण चूल एकटीच पेटवते.

2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकातली चित्रं बदलली. आई आणि बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले. फार चांगलं केलं. ते चित्र दाखवताना माझ्या वर्गातला एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, आमचे बाबा असं नाही करत." मी त्याला सांगितलं, आज घरी जाऊन बाबांना हे चित्र दाखव. आणि त्याच आठवड्यात मी त्याच्या घरी निरोप धाडला तो "मातांनी उपस्थित राहावे" असा. लेकराने कुठलं खरं मानायचं, पुस्तक की निरोप?

हजेरीपट बघून मला आणखी एक कळतं, आणि ते जास्त जिव्हारी लागतं. आई आजारी पडली, बाळंत झाली, किंवा मनाने खचून नुसती पडून राहू लागली, की पाचवी-सहावीतली मुलगी शाळेत यायची बंद होते. घरी गेलं तर ती भाकरी थापत असते, कडेवर धाकटा. बाप ओट्यावर असतो. वाईट माणूस नसतो तो. विचारलं तर म्हणतो, "तिची आई बरी झाली की धाडतो." आईच्या जागी आपण उभं राहावं असं त्याला कुणी कधी सांगितलेलंच नाही. काम आईच्या हातून सुटलं की ते लेकीच्या हातात पडतं, आणि बापावरून तसंच पुढे जातं. बारा वर्षांची मुलगी ती वही डोक्यात घेऊन मोठी होते.

म्हणून मागण्या.

बालसंगोपन रजेतली पत्नी नसण्याची आणि पत्नी अंथरुणाला खिळण्याची अट काढून टाका. आईला 180 दिवस तर बापालाही 180 दिवस, आणि एकाचे दुसऱ्याला वापरता येणार नाहीत असे. तिजोरीवर भार पडेल म्हणाल, तर सुरुवातीला बापाला 60 द्या, पण अट काढा. दोघांपैकी एकाला मानसिक आजार असेल तर डॉक्टरांच्या साध्या प्रमाणपत्रावर दुसऱ्याला ही रजा ताबडतोब मिळावी.

खाजगी नोकरीतल्या बापाला पितृत्व रजा देणारा कायदा देशात नाही. 2017 साली आईची रजा 26 आठवड्यांवर गेली, तेव्हाही बापाचा विचार झाला नाही. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना 15 दिवस आहेत. तेवढे तरी कारखान्यातल्या, दुकानातल्या, रोजंदारीवरच्या बापाला मिळावेत यासाठी राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा.

आशाताईंच्या सहा भेटींत आईच्या झोपेचे आणि मनाचे प्रश्न विचारले जावेत, निदान दोन भेटींना बापाने समोर बसावं, आणि या जास्तीच्या कामाचा आशाताईंना वेगळा मोबदला मिळावा. त्याही कुणाच्या तरी आया आहेत, फुकटात आणखी एक ओझं त्यांच्यावर टाकू नका. या प्रश्नांतून जिचा त्रास कळेल त्या बाईला तपासायला मानसोपचाराचे डॉक्टर ठरल्या दिवशी तालुक्याला आलेच पाहिजेत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराचा हक्क प्रत्येकाला दिला आहे, पण जिल्ह्याच्या गावी जायला लागणारा दिवस आणि एसटीचं भाडं त्या कायद्यात कुठे आहे?

शाळेच्या निरोपातला "माता" हा शब्द काढून "आई आणि वडील" लिहा. मेळावे संध्याकाळी किंवा रविवारी घ्या. आम्ही शिक्षक येऊ, मी माझ्यापुरता शब्द देते. वडील आले की नाही याची वेगळी नोंद ठेवा, आमच्या विभागात ज्याची नोंद मागितली जाते तेच काम होतं.

1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या बाळांच्या सरकारी कागदांवर बापाच्या नावाआधी आईचं नाव लागतं. तो निर्णय झाला त्या दिवशी आमच्या शिक्षकखोलीत आम्ही पेढे वाटले होते. त्याच हिमतीने हा निर्णय घ्या.

माझ्या नावावर आज बालसंगोपन रजेचे 122 दिवस शिल्लक आहेत. त्यातले 60 दिवस माझ्या पतीच्या नावावर वर्ग करावेत, असा रीतसर अर्ज मी आमच्या कार्यालयात दिला आहे. नियमात बसत नाही हे मला माहीत आहे. तो फेटाळलात तर कारण लेखी द्यावं, ही विनंती. ऑक्टोबरमध्ये माझ्या डॉक्टरांची पुढची तारीख आहे आणि तोवर मला रात्रीचे सात तास सांभाळायचे आहेत.

आपली,
जिल्हा परिषदेची एक प्राथमिक शिक्षिका, दोन मुलांची आई